हिंदीतलं समाधान

बायको गेल्यावर चौथ्या महिन्यात मुलीने माझ्यावर एक उपाय सुरू केला. रोज संध्याकाळी मोबाइलवर तीन चांगल्या गोष्टी लिहून पाठवायच्या. दिवसभरात जे काही बरं घडलं, ज्यासाठी मनातून आभार मानावेसे वाटले, ते. तीही तिच्या तीन पाठवणार. "पॉजिटिव्ह रहना है, बाबा," ती म्हणाली. ती हैदराबादला नोकरी करते, एकटी राहते, आणि उंटावरून शेळ्या हाकण्याचा गुण तिने माझ्याकडूनच उचलला आहे.

पहिल्या दिवशी मी खरं लिहिलं. वरण करपलं नाही. लिफ्ट चालू होती. तिसरी गोष्ट तासभर शोधली, सापडली नाही, तेव्हा ठोकून दिलं, 'तलावावर जुने मित्र भेटले.' कोण भेटणार? मी रायपुरात तेलीबांधा तलावाकाठच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत बसून खाली तलावाभोवती फिरणारी माणसं बघत होतो. पण तिचं लगेच उत्तर आलं, "वाह बाबा!" मग मला चटकच लागली. मनातलेच मांडे खायचे तर तूप कमी कशाला घ्या? कधी शेजारच्या वहिनींनी पोहे आणून दिले, कधी रिटायर झालेल्या चौघांनी मिळून कॅरम खेळला. शेजारी दार उघडतात ते फक्त कचऱ्याची बादली ठेवायला.

तिच्या तीन गोष्टी तर माझ्याहून झकास असत. मैत्रिणींबरोबर बिर्याणी, ऑफिसात साहेबांनी केलेलं कौतुक, गच्चीवरचा वाढदिवस. पोट्टी रमली आहे, तिच्यापुढे कशाला रडगाणं गा, असं मी स्वतःला बजावत असे.

घरात मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो, मी आणि बायको. मुलगी रायपूरच्या शाळेत वाढली. तिला समजतं सगळं, उत्तर मात्र हिंदीत. त्यामुळे बायको गेली तशी माझी मराठी बंदच पडली. भाजीवाल्याशी हिंदी, वॉचमनशी छत्तीसगढी, आणि मराठी फक्त स्वतःवर चिडण्यापुरती.

दिवाळीच्या महिनाभर आधी तिचा मेसेज आला. "आप इतने मज़े में हो, तो इस दिवाली मैं नहीं आऊँ, चलेगा ना?"

मी लिहिलं, "चलेगा, चलेगा. काम पहले." आणि फोन उलटा करून ठेवला. तिने यावं एवढंच मला हवं होतं, दुसरं काही नाही. पण 'ये' हे एक अक्षर लिहायला हात धजेना. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. तो मी स्वतःच्या हाताने मारून घेतला होता.

त्याच आठवड्यात पाण्याचं आरओ मशीन बंद पडलं. तक्रार केली, मेकॅनिक आला, दुरुस्त करून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवत होतो, तेव्हा कंपनीतून एका मुलीचा फोन आला. ती घाईत होती. "सर, समाधान हो गया ना?"

पस्तीस वर्षं या गावात काढली. हिंदीत समाधान म्हणजे अडचण सुटणं, हे मला कळत नाही असं नाही. पण हातात घास होता, आणि माझं जेवण होत आलं की बायको नेमकं हेच विचारायची, "झालं का समाधान?" इतक्या महिन्यांत मला ते कोणी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "नहीं, बेटी. बिल्कुल नहीं."

"ओके सर, नोट कर लिया," म्हणून तिने फोन ठेवला.

संध्याकाळी पाचला मेकॅनिक परत दारात. माझ्याच वयाचा, गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या भनपुरीहून उन्हातून आलेला, वैतागलेला. त्याने मशीन उघडलं, बघितलं, ग्लासभर पाणी स्वतः पिऊन पाहिलं. "मशीन तो बढ़िया चल रही है, भैया. फिर समाधान नहीं हुआ काहे लिखवाए?"

मला ओशाळल्यासारखं झालं. सांगावं लागलं की आमच्या मराठीत समाधानचा अर्थ वेगळा. कोणता, त्याने विचारलं. मला धड हिंदी शब्द सुचेना. "मतलब... मन भर गया. अब कुछ नहीं चाहिए. वैसा."

त्याने घराकडे एकदा नजर फिरवली. "अकेले रहते हो?"

"हव," मी म्हणालो. त्याच्या बोलीतला तो होकार आपसूक आला.

"तो कंप्लेंट तो सही है आपकी," तो म्हणाला. हसला नाही. "मेरे से ठीक होने वाली नहीं है, बस."

तक्रार बंद करायला कोड लागतो. माझ्या मोबाइलवर आलेला तो आकडा मी त्याला वाचून दाखवला. याला हे लोक 'हैप्पी कोड' म्हणतात. तो बॅग उचलून गेला. त्या मुलीला मी नाही म्हटलं म्हणून एक माणूस भनपुरीहून उठून आला होता. माझ्या इतक्या महिन्यांच्या होकारांनी कोणी आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी तीन गोष्टी लिहिल्या नाहीत. मुलीला फोनच लावला आणि मराठीत म्हणालो, "तलावावर कोणी भेटत नाही. पोहे, कॅरम, सगळं खोटं होतं. दिवाळीले ये."

ती बोलली, आणि मराठीत बोलली, अडखळत.

"बाबा, मी बी खोटंच लिहून राहिली होती. मले इथं करमत नाही."

'करमत नाही' हा शब्द तिला येतो, हे मला ठाऊक नव्हतं.

"मंग येत काहून नव्हती?"

"आले असते तर परत जावंसं नसतं वाटलं."

सगळं ठीक होईल बेटा, असं काहीतरी बापाला शोभणारं जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. "मले बी नाही करमत," एवढंच म्हणालो. मग तिने सांगितलं, मी सांगितलं. तासभर दोघांपैकी एकाच्याही तोंडून एक चांगली गोष्ट निघाली नाही, आणि बायको गेल्यापासून मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.