अमरावतीचा चिनी मिस्त्री आणि तुळशीरामचा खांदा

आगगाडी भुसावळास संपली. पुढचे रूळ टाकणे अजून चालू होते. वऱ्हाडात जायचे तर तिथून बैलगाडीच धरावी लागे. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून विलायतेला आपल्याकडचा कापूस हवासा झाला होता, आणि स्टेशनाबाहेर बंड्यांची (मालाच्या बैलगाड्यांची) ही रांग लागलेली. माझे मामा अमरावतीस कापसाच्या पेढीवर कारकून होते. त्यांनी बोलावले म्हणून मी पुण्याहून निघालो. वय चोवीस, तालमीत नाव झालेले, आणि त्या नावाचा ताठाही अंगात पुरेपूर.

माल उतरवून अमरावतीस परतणाऱ्या एका बंडीत जागा मिळाली. गाडीवान तुळशीराम माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, रुंद छातीचा. माझे कुस्तीत चुरगळलेले कान पाहून त्याने लगेच ओळखले.

"कुस्ती खेळता काय, भाऊ?"

"खेळतो. तुम्ही?"

"खेळत होतो. एक बार कापसाचा गठ्ठा अंगावर आला, तवापासून उजवा खांदा कच्चा हाय. आता मिस्त्रीसंगं हाताले हात लावाची कसरत शिकतो."

हा मिस्त्री म्हणजे चीन देशाचा एक सुतार. जहाजावर काम करीत मुंबईस आला, आणि तिथून गठ्ठे दाबण्याच्या यंत्राबरोबर अमरावतीस. मला हसू आले. सुताराकडून पैलवानाने काय शिकायचे?

वाट काळ्या मातीची. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांच्या ओट्या भरलेल्या. अकोल्यास मोर्णा नदीच्या काठी बैल सोडले. तुळशीरामने ज्वारीची भाकर आणि आंबाडीची भाजी पुढे केली. भाजी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "पुण्याचे लोक लयच नाजूक," तो म्हणाला आणि आपल्या वाटचा गुळाचा खडा माझ्या भाकरीवर ठेवला. पुढचे तीन दिवस त्याने मला असेच सांभाळून नेले.

अमरावतीस गावाभोवतीच्या परकोटाच्या आत-बाहेर कापूसच कापूस. हवेत तंतू, लोकांच्या मिशांवर तंतू. मी मामांकडे उतरलो; दुसऱ्या दिवशी तुळशीराम मला कापसाच्या वखारीमागच्या अंगणात घेऊन गेला. मिस्त्री पन्नाशीचा, किडकिडीत. त्याने माझ्या मनगटाला आपले मनगट टेकवले आणि डोळे मिटायची खूण केली. मी जोर लावला. समोर काहीच नव्हते. मी तोंडावर पडलो. तीन वेळा असेच झाले.

"पहले सुनो," तो मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला. "हाथ से सुनो."

मग त्याने मला आणि तुळशीरामला समोरासमोर उभे केले. मनगटाला मनगट, डोळे बंद. हात गोल फिरवत राहायचे, पण स्पर्श सुटू द्यायचा नाही. पाडायचे नाही, पडायचेही नाही. पहिले दोन दिवस मला कंटाळा आला. तिसऱ्या दिवशी एकाएकी काहीतरी उमगले. तुळशीराम श्वास घेई तो मला मनगटात कळे. तो पाऊल उचलणार हे त्याच्या आधी माझ्या हाताला ठाऊक असे. बारा वर्षे मी माणसांशी झुंजलो, पण समोरचा माणूस असा कधी समजला नव्हता. मी रोज सकाळी जाऊ लागलो.

मी पुण्यास परत निघायच्या आदल्या दिवशी वखारीचे हमाल बघायला जमले. "पुण्याचा पैलवान फुगडी खेळून राहिला!" कोणीतरी ओरडले. हशा पिकला. माझे कान तापले. डोळे मिटलेले होते, हात फिरत होते, आणि त्याच वेळी तुळशीरामच्या उजव्या हातातून एक बारीक थरथर माझ्या मनगटात आली. तो कच्चा खांदा थकला होता; हात विसावा मागत होता. मला ते स्वच्छ कळले. मी क्षणभर थांबलो, आणि मग तोच हात धरून ओढला.

आवाज झाला. तुळशीराम गुडघ्यावर बसला.

मिस्त्रीने धावत येऊन खांदा बसवण्याचा प्रयत्न केला. नीट बसेना. त्याचा हात फडक्याने गळ्यात बांधून मिस्त्री माझ्याकडे वळला.

"तुम को मालूम पडा था?" (तुला कळलं होतं का?)

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाही."

त्याने मान हलवली. "होगा. धीरे धीरे." (कळेल, हळूहळू.)

"त्यायची चूक नाही," तुळशीराम खालून म्हणाला. "म्याच हात ढिला सोडला."

अकोल्यास एक नावाजलेला हाडवैद्य होता. तुळशीरामला तिकडे न्यायचे ठरले. त्याचा भाऊ गाडी हाकायला बसला आणि मीही त्याच बंडीतून निघालो. चाक दगडावर चढले की तुळशीराम दात आवळी. तीन दिवस मी त्याला पाणी पाजले, भाकर मोडून दिली. हाडवैद्याने खांदा चाचपला आणि सांगितले, की हा हात आता डोक्याच्या वर जाणार नाही. जू उचलायचे नाही, गठ्ठाही नाही.

भुसावळची बैलगाडी ठरवून मी निरोप घ्यायला गेलो.

"तुळशीरामभाऊ, एक सांगायचं होतं..."

"राहू द्या. मले ठाव हाय."

"कोणी सांगितलं?"

"कोन सांगन? तुमी पयले थांबले. मंग वढलं. हाताले हात होता नं, भाऊ. तुमाले कळलं, तसं मलेबी कळलं."

"मग मिस्त्रीसमोर बोलला का नाहीत?"

त्याने डाव्या हाताने गळ्यातला फडका सारखा केला.

"तुमी बोलसान म्हणून वाट पाहून राहिलो होतो."

पुण्यास पोचल्यावर तालमीत सगळे भोवती जमले. मी वऱ्हाडातला कापूस सांगितला, चिनी मिस्त्री सांगितला, दोघांना उभे करून ती हातांची कसरतही दाखवली. सगळ्यांना फार आवडली. आजही आमच्याकडे ती रोज चालते, आणि शिकणारे पोरगे मला मानतात. तुळशीरामबद्दल मात्र मी कोणापाशी बोललो नाही. आज प्रथमच लिहितो आहे, आणि तेही तुळशीरामसाठीच, ज्याच्यापर्यंत हे कधी पोचणार नाही.