भुयारातून ओ आली नाही

मी बंदूक धरली नाही. भिंगारला लष्कराच्या हजेरीवर मजूर होते. शाळा चौथीपर्यंत. भुयाराबद्दल मला कळतं ते मुरूम वाहून कळलं.

सरावासाठी माळावर भुयार खणलं होतं. आत हवालदार दगडू, शेवगावकडचा, आणि चार जवान. वर अख्खी कंपनी आणि रणगाडे. थोड्यांनी पुष्कळांना कसं अडवायचं ते शिकायचं होतं. भुयार सरळ नेत नाहीत. वळणं दिली की स्फोटाचा दणका आतवर पोचत नाही. तोंडं झुडपांत लपवतात. शत्रू पुढे सरकला की मागून निघायचं, मारा करायचा, पुन्हा आत. हाक आली तरी गप्प राहायचं. दोन्ही बाजूंना पाणी मीच देत असे.

पहिल्या दिवशी वरच्यांनी चलाखी केली. वायरलेसवर खोटंच "एक्सरसाइज स्टॉप" म्हणाले. पाचही जण बाहेर आले आणि पकडले गेले. चहाला सगळी कंपनी त्यांना हसली. दगडू म्हणाला, "उद्या ब्रह्मदेव आला तरी ओ देनार न्हाई."

दुसऱ्या दिवशी रणगाडा भलत्या जागेवरून गेला. पुढचं तोंड ढासळलं, मधली जमीन खचू लागली. मागचं तोंड तेवढं उघडं होतं. सराव घेणारे मेजरसाहेब वायरलेसवर सांगत होते, "स्टॉप. खरंच स्टॉप. बाहेर या."

उत्तर नाही. आत माणूस पाठवला असता तर त्याला शत्रू समजून ते आणखी आत सरकले असते.

मी मागच्या तोंडाशी आडवी पडले.

"दगड्या, मी हाय. वरून खचतंय. निघ."

आतून आवाज आला. "मावशी, तुमाला त्यांनी पाठवलं का?"

"मला कोन पाठवतंय? मी दोगांना पानी पाजते. मरायचंय का?"

एकेक करून पाच जण निघाले, मुरमाने लाल झालेले. दगडू शेवटी. चहा उकळायच्या आत मधलं छत बसलं.

मेजरसाहेबांनी विचारलं, "उत्तर का दिलं नाही?"

"हुकूम तसाच होता, साहेब."

संध्याकाळी खऱ्या धोक्यासाठी वेगळा शब्द ठरला. तो फसवायला वापरायचा नाही, असा हुकूम निघाला.

मी त्या रात्री दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पुढे दगडू सीमेवर गेला आणि तिथे कामी आला. भुयारातले ते चौघे त्याच्या घरी निघाले, तेव्हा मीही गेले. त्याची धाकटी मुलगी त्या भुयारानंतर जन्मलेली. तिनेच मला पाणी आणून दिलं.