जपून वापरलेली वीज

तुरीची डाळ काढायचं यंत्र आठ महिने आमच्या ओसरीत ताडपत्रीखाली पडून आहे. आईच्या बचत गटानं ते आणलं, कारण धनजकडची आमची तूर कारंजाच्या बाजारात जाते आणि डाळ होऊन आमच्याच दुकानात महाग परत येते. यंत्राला थ्री-फेज वीज लागते. गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, लहान; ती बदलल्याशिवाय ही वीज मिळणार नाही.

अर्ज मी लिहिला. इंग्रजी शाळेत शिकलेली गावात मीच. आई म्हणाली, "लिही, आमी लाईन लय जपून वापरतो. सायबाले बरं वाटंन." मलाही पटलं. त्याचा मी नीट परिच्छेद केला. आईनं घरोघरची बिलं गोळा करून सुतळीत ओवली.

आई, गटातली काकू आणि मी वीज कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी बिलं उलटून पाहिली आणि ते हसले.

"बाई, गावाचा वापरच नाही. वापर नाही तिथं मोठी डीपी कोण देईन तुमाले?"

"जपून वापरतो ना साहेब," आई म्हणाली.

"तेच तर. आधी वापर वाढवा."

"कायच्यानं वाढवू? यंत्र तर बंद हाय."

मागून काकू म्हणाली, "दिवसा बलब लावून बसतो साहेब, सूर्याले दाखवाले!"

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही शिकलेल्या दिसता. समजावून सांगा यांना."

वीजवापर वाढला की देशाचं उत्पन्न वाढतं, उत्पन्न वाढलं की वापर वाढतो, असं मी कॉलेजच्या पेपरात लिहिलं होतं. दोन बाणांचं वर्तुळ काढलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते. त्या वर्तुळात बाहेरच्यानं शिरायचं कुठून, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. उलट आईची काटकसर तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. माझे कान तापले.

"यांना समजलंय," मी म्हणाले.

"काय?" त्यांना ऐकू गेलं नव्हतं.

"यांना सगळं समजलंय. वापर कमी म्हणून वीज देत नाही, हे तुम्ही लिहून द्या."

त्यांनी पेन उचललं नाही. बिलांचा गठ्ठा आमच्याकडे सरकवला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परवा या हंगामाची तूर कारंजाला गेली. दोन पोती आईनं जाऊ दिली नाहीत.

"जात्याले काई फेज लागत नाही," काकू म्हणाली. बायका हसल्या.

मला हसू आलं नाही. आईचा खांदा आधीच दुखतो. काल ती दुपारभर जात्यावर डाळ भरडत होती, आणि यंत्र तिच्यापासून चार हातांवर होतं.