ताईच्या शेतातले लाल दोरे

१२ जूनला ताईच्या खात्यात अठरा हजार सहाशे चाळीस रुपये जमा झाले आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली.

ताई माझी थोरली बहीण. दुधवाल्यानं मापून दिलेलं दूध ती घरच्या मापानं पुन्हा मोजते. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी आधी शेजारणीला दाखवते. यजमान गेल्यावर चार एकर तिनं एकटीनं सांभाळले, ते कोणीतरी हिसकावून घेईल ही भीती उशाशी घेऊनच. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा तिनं एका कंपनीशी करार केला. शेतात इथलीच रानझाडं लावायची, तीस वर्षं तोडायची नाहीत. झाडं हवेतला कार्बन धरून ठेवतील, त्याचे पैसे कंपनी देणार. तिच्या सासऱ्यांनी रान तोडूनच ते शेत केलं होतं.

"झाडं माझी, जमीन माझी, आणि पैसे हवेचे? अरे कारकुना, हवेचे पैसे कोण देतं?"

कारकून म्हणजे मी. हिशेब तपासण्यातच माझे केस पांढरे झाले. करार दोनदा वाचून मी सांगितलं, की जमीन तुझ्याच नावावर राहते. मलाही कंपनीनं काही चारलंय की काय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं.

ऑगस्टमध्ये कंपनीची मोजणीवाली आली. ताई दवाखान्यात गेली होती. रोपं मोजून झाल्यावर मोजणीवालीनं रांगांच्या मधे, जिथं काहीच लावलेलं नव्हतं तिथं, लाल दोरे बांधले. संध्याकाळी मला ताईचा फोन.

"शेतात खुणा केल्यात. आडव्यातिडव्या. तुकडे पाडतायत."

"करारात दोऱ्यांचा उल्लेख नाही," मी म्हणालो. मलाही ते खटकलंच.

"बघ! लिहिलेलं नाही म्हणजेच डाव आहे."

"तिला विचार ना."

"चोराला विचारू, कधी येणार म्हणून?"

दुसऱ्या दिवशी तिनं दोरे काढून चुलीत घातले. आणि वाकलेच आहे तर म्हणून रांगांमधलं सगळं खुरपून टाकलं. तिच्या शेतात तण दिसलं तर ते पाहुण्यांच्या चपलेला चिकटून आलं असेल, असं लोक म्हणायचे.

पुढच्या फेरीला मी मुद्दाम हजर राहिलो.

"मावशी, दोरे कुठं गेले?"

"जाळले. कोणाच्या नावावर करत होतीस शेत?"

मोजणीवाली बांधावर बसलीच. "कोणाच्या नाही हो. तुमच्या सासऱ्यांनी तोडलेल्या रानाची मुळं खाली जिवंत होती. त्यांना फूट आली होती, तिचेही पैसे मिळतात. कोणी खुरपू नये म्हणून दोरे बांधले."

ताईनं हातातलं खुरपं पाठीमागे धरलं. मग म्हणाली, "तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

"दोनदा फोन केला. तुम्ही कट केलात."

"अनोळखी नंबर मी उचलत नाही."

मोजणीवालीनं बोटानं माती उकरली. खाली ओलसर, हिरवट मूळ होतं. "येईल पुन्हा," ती म्हणाली. दुसऱ्या हप्त्यात त्या फुटव्यांचे पैसे मात्र आले नाहीत. जमीन कुठं गेली नाही, पण पैसे गेले, आणि ते ताईच्या स्वतःच्या हातानं.

फेब्रुवारीत फूट आली. या वेळी ताईनं मोजणीवालीला दोऱ्याच्या गाठीला हात लावू दिला नाही. "माझ्या शेतात गाठ माझ्या हातची." गुडघे धरत ती वाकायची, मोजणीवाली रीळ सोडायची. प्रत्येक फुटव्याचं नाव ताईनं विचारून घेतलं. परतताना तीच नावं पुन्हा विचारली, उत्तर बदलतंय का ते बघायला. बदललं नाही. तरी दर महिन्याला ती शेताचा उतारा काढते आणि आपलं नाव बोट ठेवून वाचते.

आधीचा दोरा तिनंच जाळला होता, म्हणून नवं रीळ तिच्या खर्चानं घ्यायचं ठरलं होतं. मोजणीवालीनं ते येताना विकत आणलं. ताईनं पावती मागितली, ती नव्हती. रिळाचे पस्तीस रुपये ताईकडून अजून येणे आहेत.