सुईवरचे आठ आणे

सुई चौथ्यांदा उडाली तेव्हा मी खिशात हात घातला आणि आठ आण्याचं जुनं नाणं काढलं.

प्रधानसाहेब वेताच्या खुर्चीत बसून बघत होते. त्यांचं घर कोंडाण्याच्या लेण्यांच्या वाटेवर आहे. वरचा मजला लाकडी फळ्यांचा. कोणी जरा पाय टाकला की फळी दबते, रेकॉर्डप्लेअर हलतो आणि सुई टुणकन पुढच्या गाण्यात जाते. मी नाणं सुईच्या डोक्यावर ठेवलं, चिकटपट्टी लावली आणि सुमनला म्हटलं, "आता चाल गं खोलीभर. नाच पायजे तर."

सुमन त्यांच्याकडे कामाला आहे, गावातलीच. ती चालली. सुई हलली नाही.

"बघा," मी म्हणालो.

साहेबांनी एक पातळ पुस्तक पुढे केलं. प्लेअरबरोबर आलेलं, इंग्रजी. "तात्या, यात वजनाबद्दल लिहिलंय. जास्त झालं तर रेकॉर्डला इजा होते म्हणतात. तुम्ही एकदा बघून घ्या."

मी पुस्तक हातात घेतलं नाही. "साहेब, पुस्तकं वाचून धंदा केला असता तर खालापूर तालुक्यात एकाचं लग्न लागलं नसतं."

ते हसले. "तुम्ही म्हणता तर ठीक."

इथे मला माझ्या धंद्याचं थोडं सांगावं लागेल. चौक गावात जुन्या हायवेवर माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला ढाबा. लग्न, बारसं, जत्रा, प्रचार, सगळीकडे माझा भोंगा. शिक्षण चौथी. पण अँप्लिफायर उघडला की कुठला पार्ट मेला ते मी वासावरून सांगायचो, आणि आजही सांगतो.

रेकॉर्डवर एक बारीक खाच असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. सुई त्या खाचेतून चालते आणि खाचेच्या भिंती तिला हलवतात. तेच गाणं. सुईवर भार किती द्यायचा याचं माप असतं. साधारण दोन ग्रॅम, म्हणजे चिमूटभर साखर. पण मांडवातल्या बाकड्यावर प्लेअर असायचा आणि वऱ्हाडी बाकड्याला टेकून नाचायचे. तिथे चिमूटभर साखरेचं कोण ऐकतो? म्हणून आम्ही सुईवर नाणं ठेवायचो. माझ्या उस्तादाने मला शिकवलं, मी चार जणांना शिकवलं. रेकॉर्ड झिजायची, पण भोंग्यातून ते कळायचं नाही. भोंग्यातून झांज काय आणि वारा काय, सारखंच.

साहेबांकडे भोंगा नव्हता. चांगले स्पीकर होते, सागवानी पेटीतले. हे मी ध्यानात घ्यायला हवं होतं.

तरुणपणी साहेब मुंबईच्या हॉटेलात बास गिटार वाजवायचे. बास म्हणजे खालचा, जाड आवाज. त्या दिवसांत अमेरिकेतल्या एका काळ्या वादकांच्या बँडचं त्यांना वेड लागलं. त्या बँडने जेवढ्या रेकॉर्ड काढल्या, तेवढ्या सगळ्या त्यांनी जमवल्या. चौदा. एखादी बोटीवरच्या मित्राने आणलेली, एखादी चोरबाजारात सापडलेली. एका वहीत त्यांनी सगळ्यांची नोंद ठेवली होती: कुठली कितवी, कोणी आणली, पहिल्यांदा ऐकली तेव्हा घरात कोण कोण होतं. वहीला ते कॅटलॉग म्हणायचे.

आता वय झालं. हात थरथरतो. त्या हाताने सुई ठेवली तर रेकॉर्डवर ओरखडाच. म्हणून मला बोलावलं. काम एवढंच, रविवारी जायचं, एक रेकॉर्ड दोन्ही बाजूंनी लावायची. बुधवारी तीच पुन्हा. पहिलीपासून चौदावीपर्यंत ओळीने. "आणि चौदावी झाली की पुन्हा पहिलीपासून," ते म्हणाले होते. "मी आहे तोवर."

पहिल्या रविवारी मी कपाटातून भलतीच रेकॉर्ड काढली. कव्हरावर सगळं इंग्रजी. साहेब स्वतः उठले आणि बरोबर ती दाखवली. बुधवारी गेलो तर चौदाही कव्हरांवर कागदाचे चौकोन चिकटवलेले. एक, दोन, तीन, मराठी आकड्यांत, थरथरत्या अक्षरात.

"आताशा माझ्याच लक्षात राहत नाही," ते म्हणाले.

ते संगीत फंक आणि सोल या जातीचं. फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सगळे मिळून पाय आपटतात, मग पुन्हा पहिली मात्रा येईपर्यंत जो तो आपल्या जागी खुटखुट करतो. दोन बायका एका उखळात आळीपाळीने मुसळ मारतात ना, एकीचं दुसरीला लागत नाही, तसं. आणि सोल म्हणजे बेंबीच्या देठापासून गायचं. मला एक शब्द कळत नव्हता. तरी पायाचा अंगठा हलायचा.

तिसऱ्या रेकॉर्डच्या सुरुवातीला बास एकटा येतो. नंतर त्याच्यावर झांज, तापलेल्या तव्यावर पाणी शिंपडावं तशी. रविवारी साहेब म्हणाले, "हिच्यावर मी माझी बोटं घडवली." थरथरता हात मांडीवर चालत होता आणि गंमत म्हणजे तालात थरथरत नव्हता.

बुधवारी तीच लावली. बास तसाच आला. झांजेच्या जागी मात्र नुसती फुंकर. तव्यावरचं पाणी गेलं होतं.

माझे कान चांगले आहेत. मला तिथल्या तिथे कळलं. रेकॉर्ड संपल्यावर सुई उचलली तर टोकाला काजळासारखं काळं, मऊ काहीतरी लागलं होतं. ती धूळ नव्हती. ती रेकॉर्डच होती. खाचेच्या भिंती आठ आण्याने खरवडल्या होत्या. वरचे बारीक आवाज त्या भिंतींवर सगळ्यात नाजूक कोरलेले असतात, ते आधी जातात. जाड आवाज टिकतो.

मी ते काळं अंगठ्याने पुसलं आणि अंगठा पँटला पुसला.

तेव्हाच नाणं काढायचं होतं. पण काढलं असतं तर सुई उडाली असती, साहेबांनी का म्हणून विचारलं असतं आणि मला ते इंग्रजी पुस्तक मागावं लागलं असतं. मी मनाला सांगितलं, रेकॉर्ड जुन्या आहेत, आधीच झिजलेल्या असतील. खोटं बोलायला दुसरा माणूस लागत नाही, आपण एकटे पुरतो.

चौथी, पाचवी, सहावी. आता सुईसुद्धा झिजली होती, रविवारीच आवाज मळका यायचा. सहाव्या रेकॉर्डला साहेब खुर्चीत पुढे सरकून बसले. सातव्याला खुर्ची स्पीकरजवळ ओढायला लावली. संपल्यावर म्हणाले, "तात्या, इथे मागे झांज आहे ना? तुम्हाला येते ऐकू?"

"येते की," मी म्हणालो.

का म्हणालो? आवाज बिघडलाय हे कबूल करायचं नव्हतं म्हणून. त्याचा दुसरा अर्थ काय होतो हे माझ्या डोक्यात आलं नाही. साहेबांच्या आलं. त्यांनी बोटाने आपला कान चाचपला.

नवव्या रेकॉर्डच्या बुधवारी मी गेलो तर सुमन ओट्यापाशी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तात्या, आज जरा हळू बोला. साहेबांनी कानात मशीन घातलीय."

"कसली मशीन?"

"लेक आली व्हती पुण्याची. पनवेलला नेलं दाखवायला. डागदर बोलला, वयाच्या मानानं बरं हाय. पण ह्यांचा इस्वास नाय, हट्टानं मशीन घेतलीच. रोज मला विचारतात, सुमन, पाखरू वरडतंय ते तुला ऐकू येतं का? कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या? मी दोन बोलले की हे बोलतात, मलाबी दोनच. मग घटकाभर बरं वाटतं त्यांना." तिने ताटातला खडा उचलून टाकला. "तुमी बोललात ना त्यांना, तुमाला झांज ऐकू येते. तवापासून हे चाललंय."

मी वर गेलो. साहेबांनी कानातलं यंत्र चाचपलं. मी नववी लावली. यंत्राने खरखर आणखी मोठी केली असणार. दोन गाण्यांतच त्यांनी हात वर केला.

"बंद करा. पुढच्या रविवारी येऊ नका, तात्या. दहावी नको. ज्या राहिल्यात त्या जशा आठवतात तशा राहू दे." आणि हसून म्हणाले, "बासवाल्याला देवाने बास तेवढा ठेवलाय. हिशेबाने बरोबर आहे."

मी सुई उचलली. चिकटपट्टी काढली. नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"साहेब, तुमचे कान गेले नाय."

"समजूत नका काढू."

"समजूत नाय. झांज मलाबी ऐकू येत नाय. ती रेकॉर्डवर ऱ्हायलीच नाय. ह्या नाण्यानं खाल्ली."

त्यांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं. मग विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"तिसरीला."

"आज नववी आहे."

"होय."

"पहिल्या तीन चुकून गेल्या. चूक कोणाचीही होते. पुढच्या सहांचं काय?"

उस्तादाचं नाव पुढे करता आलं असतं, फळ्यांचं करता आलं असतं. केलं नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

"रेकॉर्डचं राहू दे," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुम्ही मला दीड महिना बहिरा करून ठेवलंत."

मी खाली आलो. जाताना ते पुस्तक घेतलं. चौकला आमच्या ढाबेवाल्याची सून शिकलेली आहे, तिच्यासमोर बसलो आणि म्हटलं, वाच. तिने वाचून मराठीत सांगितलं. सगळं त्यात होतं. प्लेअर हलत्या जागी ठेवू नका, भार वाढवू नका. चित्रसुद्धा होतं. चित्र तर मलाही वाचता आलं असतं.

मुंबईहून नवी सुई आणली. एक कडाप्प्याची फरशी घेतली आणि साहेबांच्या घरी जाऊन भिंतीत पक्की बसवली, जमिनीचा संबंध नाही. प्लेअर तिच्यावर ठेवला, पाणसळ लावून सपाट केला. भार दोन ग्रॅम. सुमनला म्हटलं, चाल. ती चालली, मग मुद्दाम दोन उड्या मारल्या. सुई जागची हलली नाही. म्हणजे हे पहिल्याच दिवशी अर्ध्या दिवसाचं काम होतं.

साहेब बघत होते. मला या म्हणाले नव्हते, जा पण म्हणाले नव्हते. मी दहावी काढली आणि सुई ठेवली.

झांज आली. तव्यावरच्या पाण्यासारखी, एकेक थेंब वेगळा. साहेबांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. त्यांचं एक बोट वर झालं आणि बरोबर झांजेवर हलू लागलं. एक ठोका चुकला नाही. डोळे मिटलेले होते. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

अकरावी, बारावी, तेरावी झाल्या. साहेब माझ्याशी नीट बोलायचे, चहा विचारायचे. पण पूर्वीसारखं कुठली रेकॉर्ड कोणी आणली ते सांगायचे नाहीत. वही उघडायचे आणि मिटायचे. एकदा मी विचारलं, ढाबेवाल्याची सून फोनवर बघून म्हणते की ही सगळी गाणी फोनमध्ये मिळतात, लावून देऊ का? ते म्हणाले, "मिळतात, मला माहीत आहे. माझ्या मित्राने बोटीवरून आणलेली त्यात नाही."

चौदावी बुधवारी दुसऱ्यांदा संपली. मी सुई उचलून बाजूला ठेवली. मी रेकॉर्ड कव्हरात घातली आणि सवयीने कपाटाच्या पहिल्या कप्प्याकडे हात नेला. 'एक' लिहिलेला चौकोन तिथे होता. हात तसाच थांबला.

साहेबांनीही तिकडेच पाहिलं. मग म्हणाले, "सुमन, तात्यांना चहा दे." रविवारचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्यानंतर मला बोलावणं आलेलं नाही. सुमन बाजारात भेटते. सांगते की साहेब बरे आहेत, दहावी ते चौदावी लावायला आता लेक येते पुण्याहून, महिन्यातून एकदा. पहिल्या नऊ कपाटात आहेत. धूळ पुसतात, लावत नाहीत.

या धंद्यात कोणी नवा आलाच तर एवढंच सांगेन. गिऱ्हाइकाने पुस्तक पुढे केलं की हातात घ्यावं. वाचता येत नसेल तर तसं सांगावं. साहेबांना ते पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि त्यांनी फक्त कव्हरांवर मराठी आकडे चिकटवले होते.