चोवीस इंची पट्टी

राज्यांची भाषावार नवी वाटणी झाली आणि वडिलांची बदली मराठवाड्यात निघाली. आईला हैदराबादेतली चिक्कडपल्ली सोडायची नव्हती. तिचा जन्म तिथलाच, मैत्रिणी तेलुगू, आणि राग यायचा तोही दखनीत. नवऱ्याशी वाद घालण्यापेक्षा तिने थेट सरकारशीच दोन हात करायचे ठरवले.

वडिलांच्या कचेरीतली नकाशे आखायची शिसवी पट्टी आमच्या घरीच असायची. तिच्यावर आई गोधडीचे चौकोन आखायची, शंकरपाळे कापायची. शेजारणी पोलकी बेतायला ती मागून न्यायच्या. आता कचेरीची प्रत्येक वस्तू धडधाकट परत केल्याशिवाय वडिलांना सोडणार नव्हते. हे ऐकले मात्र, आई दुपारी करवत घेऊन बसली.

"मोडकी पट्टी घेणार नाहीत. मग बसू इथंच," ती मला म्हणाली.

तीन इंच उडवले, आणि तेही सुरुवातीचे! मोठे आकडे टाकायला तिचा जीव होईना. "एक-दोन गेले तर काय बिघडलं? तेवीस-चोवीस कसे फेकू?" अशी बाई सरकारशी लढायला निघाली होती.

वडिलांना तिने सांगितले, ट्रंकेत मावत नव्हती म्हणून कापली. त्यांनी कपाळाला हात लावला. पट्टी मागून नेलेल्या शेजारणीला तेवढेही कुणी सांगितले नाही, तिचे पोलके आखूड होऊन तिच्या धाकटीला गेले. आमच्या गोधडीचे अर्धे चौकोन मोठे, अर्धे बारके झाले.

शेवटी कारकून पट्टी न्यायला घरी आला. त्याने टोकाचा आकडा पाहिला.

"चौबीस है. हौ, ठीक है."

आईला राहवेना. "नीट देखो जी, टूटी है!"

"अम्मा, चौबीस लिख्खा है ना? बस!" पट्टी काखेत मारून तो गेलासुद्धा.

आई उंबऱ्यावरच बसली आणि रडायला लागली. "मेली मी उलट्या बाजूनं कापली!"

आता कुठे वडिलांच्या डोक्यात प्रकाश पडला. ते तिच्याशेजारी बसले. मला त्या दोघांचीही फार दया आली.

"कचेरीनं विचारलं होतं, कुठं जाणार म्हणून," ते हळूच म्हणाले. "मीच मराठवाडा मागितला. म्हटलं, तुला मराठी शेजार मिळेल."

आईने डोळे पुसले.

"आणि मला कुणी विचारायचं होतं?"