मास्तरांचे हात

नव्या देशात मास्तरांना कामावर नावच उरलं नव्हतं. पावाच्या कारखान्यात ट्रे रचणाऱ्याला नाव हवं कशाला? मुकादम बोट दाखवायचा, मास्तर ट्रे उचलायचे. खरी नोकरी बायकोची. ती नर्स, बोलावणं तिला आलेलं. हे शेपटासारखे मागोमाग. तिकडे वीस वर्षं शाळेत खेळ शिकवले, स्काउटचं पथक चालवलं, मोठी झालेली पोरं भर रस्त्यात थांबून सलाम ठोकायची. इथे शेजारचं कुत्रंसुद्धा महिनाभर त्यांच्यावर भुंकत होतं.

मग कळलं, जवळच्याच एका सभागृहात दर शुक्रवारी संध्याकाळी लहान स्काउट जमतात. मास्तर जुना स्कार्फ गळ्यात अडकवून गेले. पथकाच्या प्रमुख बाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी हस्तांदोलनाला डावा हात पुढे केला. जगभरचे स्काउट डावाच हात देतात, पण मास्तरांना एवढ्यानेही भरून आलं. थोड्याच दिवसांत पोरं त्यांना 'मास्तर' म्हणू लागली. शब्द अर्थात त्यांनीच शिकवलेला. उरलेला आठवडा हा माणूस नुसता ढकलायचा.

आणि मग ती टेकडीवरची सहल आली. पथकात एक आठ वर्षांचा बडबड्या होता, त्याच्या तोंडाची टकळी झोपेतच काय ती थांबत असेल. उतरताना त्याचा पाय मुरगळला. बाई बाकीच्यांना घेऊन बऱ्याच पुढे गेल्या होत्या. मास्तरांनी मागचापुढचा विचार केला नाही. पोराला पाठुंगळी घेतलं आणि गोष्टी सांगत खाली आणलं. त्याच्या आईने तोंडभरून आभार मानले.

बाईंचा चेहरा मात्र उतरला. मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकट्याने राहायचं नाही, उचलायचं तर मुळीच नाही, आधी दुसऱ्या मोठ्याला हाक मारायची, असा तिथला नियम. पहिल्याच दिवशी सांगितला होता. तेव्हा मास्तरांनी नंदीबैलासारखी मान हलवली होती.

"माझा तुमच्यावर काडीचा संशय नाही," बाई म्हणाल्या. "पण वाईट माणूससुद्धा दिसायला चांगलाच असतो, मास्तर. पथकाची समिती तुम्हाला एकच विचारेल. पुन्हा असं झालं तर काय कराल? उत्तर विचार करून द्या."

घरी बायकोने सरळ निकाल लावला. "उचलणार नाही म्हणा आणि मोकळे व्हा. जीभ काही झिजत नाही."

"अगं, स्काउटचा शब्द असतो तो."

"मग तो शब्द घेऊन बसा शुक्रवारी घरात. अहो, इथे आल्यापासून तुम्ही हसलात ते त्या पोरांमुळे. माझ्यामुळे नाही."

खरं तेच होतं, आणि तेच मास्तरांना लागलं.

समितीत तिघे बसले होते. तिघेही सौजन्याने वागले, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. प्रश्न तोच आला. वीस वर्षं पोरांना पहिला नियम घोकायला लावलेला, स्काउट विश्वासू असतो.

"नाही उचलणार," ते म्हणाले. "हाक मारेन."

स्काउटगिरी टिकली. रात्री मास्तरांनी ताट मात्र बाजूला सारलं.

"खोटं बोललो गं मी."

"लोक पोटासाठी रोज बोलतात," बायको म्हणाली.

"हे पोटासाठी नव्हतं."

शुक्रवारी दोरीचा खेळ रंगला होता. बाई मागच्या खोलीत आणखी दोर काढत होत्या. तेवढ्यात बडबड्या धावता धावता घसरला. आधीच दुखरा पाय, त्यात गुडघा फुटलेला. त्याने भोकाड पसरलं आणि मास्तरांकडे बघून दोन्ही हात वर केले. त्याला ठाऊक होतं आता काय होणार ते.

मास्तर झेपावले आणि मध्येच थांबले. हात पाठीमागे नेऊन त्यांनी एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"बाई! जरा लवकर या!"

पोराचे हात तसेच वर. त्याचं रडणं थांबलं. मास्तरांना आपण दिसलोच नसू, असं त्याला वाटलं असावं.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "मी इथे आहे."

मास्तरांनी पुन्हा बाईंना हाक मारली.